डोहाळ्याचं सॅलड

आमच्या मित्रमंडळाची शेतात पार्टी असली की चुलीपुढं मी असतो. मला स्वयंपाक फार येतो अशातला भाग नाही. बाकीच्यांना पत्त्यांच्या डावावरून उठवत नाही आणि मला पत्ते कळत नाहीत, एवढीच माझी पात्रता. पण वर्षानुवर्षं चुलीपुढं बसलं की माणसाला आपण आचारी आहोत असं वाटायला लागतं, तसं मलाही वाटायला लागलं. "आपल्या हातचं खाऊन आजवर कुणाला काय झालं न्हाय," हे वाक्य मी शिवाजी पेठेत इतक्यांना ऐकवलंय, की मी तोंड उघडायच्या आत लोक ते म्हणून दाखवतात.

त्या रविवारनंतर मी ते म्हणणं सोडलं.

दसरा नुकताच झाला होता. नवरात्रभर दम धरलेल्या कोल्हापूरनं मटणाच्या दुकानांपुढं रांगा लावून झाल्या होत्या. आमच्या मंडळाचीही पार्टी उरकली होती आणि माझी पार्टीची पिशवी, म्हणजे माझी सुरी, लाकडी पाट आणि उरलंसुरलं सामान, घरी स्वयंपाकघराच्या खिळ्याला परत येऊन लटकली होती. ही पिशवी लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

घरात मुलगी आली होती. तिचं सासर जयसिंगपूर. तिला पाचवा महिना चालू होता. मागच्या वर्षीही एकदा दिवस गेले होते, आणि तिसऱ्या महिन्यात ते राहिलं नव्हतं. याच्या पलीकडं त्याबद्दल आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही. न बोलता सगळेजण भीत होते, एवढंच. बायको तिच्या मागं मागं फिरायची. जावई सकाळ-संध्याकाळ फोन करायचा आणि प्रत्येक फोनला पहिला प्रश्न एकच असायचा, "मामा, जेवली का ती?"

जेवत नव्हती. फोडणीचा वास आला की तिला मळमळायचं. कांदालसणाच्या चटणीची बरणी उघडली तर ती दुसऱ्या खोलीतून ओळखायची. अंडं नको, डाळ नको, दूध तर बघायलाही नको. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, काहीही करा पण अंगाला लागेल असं पोटात जाऊ द्या. ती भाताचे चार घास गिळायची, तेही आई समोर बसलीय म्हणून.

आणि आमच्या घरात एका फळाचं नाव बंद झालं होतं. न्हाणीच्या मागं, भिंत आणि गटार यांच्यामधल्या वीतभर जागेत, आपलं आपणच उगवलेलं पपईचं झाड आहे. दिवस गेल्याचा जावयाचा फोन आला त्याच दिवशी बायकोनं झाडावरची हिरवी, पिवळी, होती नव्हती तेवढी फळं उतरवून गल्लीत वाटून टाकली. झाडही तोडायचं तिच्या मनात होतं. पण घरात पोटुशी असताना फळतं झाड तोडत नाहीत, म्हणून झाड वाचलं. नाव मात्र गेलं. ती 'ते फळ' म्हणायची. मला निराळी ताकीद होती.

"ते फळ उंबऱ्याच्या आत आलं, तर तुमी उंबऱ्याच्या भायेर."

मी हसून मान हलवली होती. मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतला नाही, असं मला तोवर वाटत होतं.

शनिवारी संध्याकाळी मुलगी फोन घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. फोनवर कुणी परदेशी बाई मोठ्या वाडग्यात काहीतरी कालवत होती. उकडून सोललेली कोंबडी, सफरचंदाच्या फोडी, द्राक्षं, अक्रोड आणि वरून पांढरं घट्ट काहीतरी. तिकडं शरद ऋतूत म्हणे हे खातात. बाईच्या मागं खिडकीत लाल-पिवळी झाडं दिसत होती. आमच्याकडं शरद ऋतूत सकाळी नऊलाच पाठ भाजते.

"पप्पा," मुलगी म्हणाली, "मला हे खावंसं वाटतंय."

खावंसं वाटतंय हा शब्द त्या घरात कित्येक आठवड्यांनी आला होता. बायको आतून हात पुसत आली आणि फोनवर वाकली.

"कोंबडीत सफरचंद? हे उपासाचं हाय का वशाटाचं?"

"दोन्ही आहे," मी म्हणालो. "गार खातात."

"गार कोंबडी आमच्यात मांजराला घालत्यात."

"आई, डोहाळा आहे गं," मुलगी हळूच म्हणाली, आणि विषय संपला. डोहाळा पुरवला नाही तर पुढं पोराचा कान फुटतो, हे बायकोला तिच्या आईनं सांगितलेलं आणि तिच्या आईला तिच्या आईनं. तिनं पदर खोचला. पण उद्या रविवार होता आणि ती शेजारणींबरोबर जोतिबाला जायची होती. पोर पोटभर जेवू दे, एवढंच मागायला.

"मी करतो," मी म्हणालो. "आपल्या हातचं खाऊन आजवर..."

"...कुणाला काय झालं न्हाय," दोघी एकदम म्हणाल्या. मुलगी हसली. ते हसू बघून मी शेफारलो.

सकाळी निघताना बायको दारात थांबली. "मी देवाला सांगतो, घरात कोंबडी शिजणार ती पोरीसाठी हाय म्हणून. तिखट घालू नका. फोडणी देऊ नका. आणि तिच्याफुडं पार्टीतलं सांगत बसू नका, तिला हसून हसून ठसका लागतोय." मग सवाऱ्या भरत फिरणारी वडापची जीप आली आणि ती गेली.

आता माझी भीती कशी काम करते ते बघा. ब्रॉयलर कोंबडी आणायची म्हटल्यावर मला भीती वाटली, की त्यात कसलं इंजेक्शन असेल. म्हणून मी गावठी आणायची ठरवली. त्या बाईच्या वाडग्यातलं पांढरं कच्च्या अंड्याचं असतं असं कळलं, म्हणून मी चक्का आणला. सफरचंदाला मेण लावतात असं ऐकलं होतं, म्हणून ती सोलायची ठरवली. द्राक्षांचा हंगामच नव्हता, त्याऐवजी बेदाणे घेतले, आणि तेही घरी आणून दोन पाण्यानं धुतले. डाळिंबात औषध नसतं असं फळवाल्यानं शपथेवर सांगितलं, तर त्यानं शपथ का घेतली म्हणून मला संशय आला. मुलीच्या पोटात काही वावगं जाऊ नये म्हणून मी त्या सकाळी इतका घाबरून चाललो होतो, की खरी घाबरायची गोष्ट माझ्याच पिशवीत आहे हे मला सुचायचं काहीच कारण नव्हतं.

मटणाचं दुकान माझ्या मित्राचं आहे. शाळेपासूनचा. मी म्हणालो, "गावठी कोंबडा दे. सॅलड करायचंय."

"सॅलड काकडीचं असतंय न्हवं?"

"कोंबडीचं करायचंय. सफरचंद घालून."

त्यानं सुरा खाली ठेवला. "का रे लेका? कोंबड्यानं तुजं काय वाईट केलतं?" मग कोंबडा तोलता तोलता म्हणाला, "जून हाय ह्यो. लौकर शिजायचा न्हाय. तुला म्हाईत हायच काय करायचं ते."

मला माहीत होतंच.

घरी आल्यावर बायकोच्या सुरीला हात लावायची माझी छाती नव्हती, म्हणून खिळ्यावरची पिशवी काढली. सुरी काढली, पाट काढला. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेलं एक पुडकंही हाताला लागलं, तेही काढलं. कोंबडा धुतला, मोठे तुकडे केले, हळद-मीठ लावलं, लिंबू पिळलं आणि जून कोंबड्याला मी नेहमी जे करतो ते केलं. पुडकं सोडलं, आतली फोड सोलली, खिसली आणि तो खिस तुकड्यांना चांगला चोळला. हात आपले आपण चालले होते. डोकं सफरचंदात होतं. फोडी काळ्या पडू नयेत म्हणून त्यांना लिंबू लावायचं का मिठाच्या पाण्यात टाकायच्या, याचा मी गंभीर विचार करत होतो.

जून कोंबड्याला काय चोळतात हे ज्यांना माहीत आहे त्यांच्या छातीत आत्ता धस्स झालं असेल. माझ्या झालं नाही. मी शीळ घालत होतो.

कुकर लावला. शिट्ट्या झाल्या. झाकण काढलं आणि आधी अळणी ओतून घेतलं. कोंबडीचं हे नुसतं मिठाचं पाणी आमच्याकडं लहान पोरांना, बाळंतिणीला, आजाऱ्याला देतात. मुलगी दारात येऊन उभी होती. नाक मुरडलं नव्हतं. मी वाटी पुढं केली. तिनं फुंकर मारून घोट घेतला, थांबली, अजून एक घेतला आणि वाटी संपवली.

"चांगलं लागतंय," ती म्हणाली.

मी कोंबडीचे धागे काढले. इतका जून कोंबडा, पण बोटांत सुताचा गुंडा सुटावा तसा सुटत होता. ते गार होऊ दिलं. त्यात सफरचंदाच्या फोडी, डाळिंबाचे दाणे, बेदाणे, अक्रोडाचे तुकडे घातले. चक्क्यात थोडा मध, मीठ, मिरपूड आणि वाटलेली मोहरी फेटून वरून ओतलं आणि हलक्या हातानं कालवलं. चव बघितली. आधी गोड लागलं, मग खारट, मग मोहरी हळूच नाकात गेली आणि शेवटी डाळिंबाचा दाणा दाताखाली फुटला. मला स्वतःबद्दल फार आदर वाटला.

ती दोन बशा जेवली. दुसरी बशी तिनं स्वतः मागितली. खाताना बोलत नव्हती, मान खाली घालून, लहानपणी सुट्टीत खेळून आल्यावर जेवायची तशी जेवत होती. मी समोर बसून नुसता बघत होतो. मग ती म्हणाली, "पप्पा, डोळे मिटायलेत माझे," आणि आत जाऊन आडवी झाली. मी जावयाला फोटो पाठवला, रिकाम्या बशीचा. खाली लिहिलं, 'दोन वेळा.'

मग मी ओटा आवरायला घेतला.

साली गोळा करत होतो. सफरचंदाची लाल साल. डाळिंबाचं टरफल. लिंबाच्या फोडी. आणि एक जाड हिरवी साल, तिला सुकलेला पांढरा चीक. मी ती उचलून कचऱ्यात टाकायला गेलो आणि हात तसाच राहिला. आज मी आणलेल्या फळांत हिरव्या सालीचं काय होतं, ते मला आठवेना. काकडी आणली नव्हती. पेरू आणला नव्हता. मग पाटाखाली चिकटलेल्या पांढऱ्या कोवळ्या बिया दिसल्या.

कच्ची पपई. मटण मऊ व्हायला पार्टीत वापरून उरलेली फोड. मित्राच्या शेतातली. उंबऱ्याच्या आत मीच आणलेली.

मी खाली बसलो. कुकरच्या भांड्यात तळाला थोडं पाणी होतं, ते बघितलं आणि आठवलं की अळणीही तिनं संपवलं होतं. जे काय त्या कोंबडीत होतं ते त्या पाण्यात उतरलेलं, आणि ते मी वाटी धरून तिला पाजलेलं. साल अजून माझ्या हातातच होती. कुणी आत येईल म्हणून मी ती खिशात घातली. घरात कुणीच नव्हतं. तरी घातली.

आत जाऊन बघितलं. ती कुशीवर झोपली होती, एक हात पोटावर. मी तिचा श्वास बघत उभा राहिलो. पंखा बंद करून ऐकावं असं वाटलं, मग ती गरम होऊन उठेल म्हणून केला नाही. तिनं कूस बदलली तर मी पुढं वाकलो. झोपेत तिच्या कपाळाला आठी पडली. दुखतंय का? स्वप्न बघतेय का? मी कॉटला धरून उभा होतो.

फोन घेऊन न्हाणीत गेलो, कडी घातली आणि डॉक्टरीणबाईंना लावला. दवाखान्यातली नर्स म्हणाली, मॅडम आत ऑपरेशनमध्ये आहेत, निरोप काय? मला निरोप सांगता येईना. "पेशंटच्या वडलांनी फोन केलता म्हणून सांगा," एवढंच म्हणालो. मग मी ते केलं जे कुणी करू नये. फोनवरच 'कच्ची पपई' आणि पुढचं टाकून वाचायला लागलो. एकानं लिहिलं होतं, काही होत नाही. दुसऱ्यानं लिहिलं होतं त्यातले शब्द मी इथं लिहिणार नाही. मी पुन्हा पुन्हा दुसराच वाचत होतो. न्हाणीच्या खिडकीतून ते झाड दिसत होतं. शेंड्याला नवी फळं धरली होती, मुठीएवढी.

कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना म्हणून मटणवाल्या मित्राला लावला.

"काय रे, सॅलड उठून पळालं व्हय?"

मी त्याला सांगितलं. पलीकडं सुऱ्याचा ठोका थांबला.

"कच्ची?" तो म्हणाला.

"कच्ची."

"आमच्या गाभण म्हशीनं खाल्लती एकदा," तो घुटमळत म्हणाला. "गोठ्यामागची."

"मग?"

"काय झालं न्हाय." थोडं थांबून, "पण ती म्हैस हुती, लेका. तू डॉक्टरला इचार. मला कशाला इचारतोस?"

फोन ठेवला तोच जावयाचा आला. तो रिकाम्या बशीवर इतका खूश होता की त्याचा आवाज चिरकत होता. "मामा, काय घातलं त्यात सांगा, मी पण शिकतो." मी म्हणालो, "सफरचंद." आणि लगेच "रेंज न्हाय," असं म्हणून बंद केला. जयसिंगपुरात एक माणूस आनंदानं कुणाकुणाला फोन करत असेल, आणि तिकडं जोतिबाच्या डोंगरावर बायको गुलालात उभी राहून मागत असेल, पोर पोटभर जेवू दे. पोर पोटभर जेवली होती. देवानं ऐकलं होतं, आणि ऐकायला त्याला नेमका माझाच हात सापडला होता.

"पप्पा," आतून हाक आली.

मी कडी काढताना बोट चेंगरून घेतलं. ती उठून कॉटवर बसली होती.

"पोटात कसंतरी होतंय," ती म्हणाली.

"कसंतरी म्हंजे कसं?"

"कसंतरीच. जड जड." तिनं माझ्याकडं बघितलं. "तुम्हाला काय झालं? घाम आलाय."

"उकडतंय," मी म्हणालो. तेवढ्यात हातातला फोन वाजला. डॉक्टरीणबाई. मी फोन घेऊन मागच्या दारात गेलो.

त्यांनी मला एकदाच सगळं सांगू दिलं, मग एकेक विचारत गेल्या. किती होती? मी म्हणालो, बोटभर फोड. शिजवली होती? व्हय, कुकरला. पोटात दुखतंय का तिच्या? जड वाटतंय म्हणते. कळा येतायत का? अंगावरून काही जातंय का?

असलं काही मी माझ्या मुलीला जन्मात विचारलेलं नव्हतं. हे तिची आई विचारते, आणि मी त्या वेळी पेपर उघडून बसतो.

"मला म्हाईत न्हाय," मी म्हणालो.

"मग विचारा तिला. एवढीशी आणि शिजवलेली असेल तर बहुतेक काही होणार नाही. पण मागच्या वेळचं बघता मला एकदा तपासू दे. घेऊन या. मी दवाखान्यातच आहे."

"मॅडम, तिला काय कारण सांगून आणू?"

"खरं ते सांगा," त्या म्हणाल्या. "का अजून काही शिजवायचंय तुम्हाला?"

मी आत आलो. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. मला वाटलं होतं की आधी थोडं इकडचं-तिकडचं बोलू. ते जमलं नाही, कारण खिशातून मी ती साल काढून तिच्यापुढं धरली होती आणि ती सालीकडं बघत होती.

"कोंबड्याला लावलती," मी म्हणालो. "सवयीनं. मला कळलंच न्हाय."

तिचे दोन्ही हात पोटावर गेले. चेहरा असा पांढरा पडला की फोन खाली टाकून मी तिला धरायला उठलो. तिनं हातानं थांबवलं.

"कच्ची?"

"व्हय."

मग मी विचारलं, जे डॉक्टरीणबाईंनी विचारायला सांगितलं होतं ते. जमिनीकडं बघत विचारलं. ती उठून न्हाणीत गेली. ती परत येईपर्यंतचा वेळ मला कुणी पुन्हा दिला तर मी तो घेणार नाही. आली, मानेनं नाही म्हणाली, केस बांधले आणि चपला घातल्या.

गाडी मी चालवली म्हणणं बरोबर नाही. मी ती ढकलल्यासारखी नेली. आमच्या पेठेत एवढे स्पीड ब्रेकर आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. प्रत्येकाजवळ मी जवळजवळ थांबत होतो आणि एकेक चाक उचलून पलीकडं ठेवावं तशी गाडी उतरवत होतो. रविवारची गर्दी, देवळाकडं जाणारी माणसं. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून थकला आणि शेजारी येऊन डोकं बाहेर काढून म्हणाला, "ओ पावणं, गाडी हाय का पालखी?"

मी हातानं त्याला पुढं जा म्हटलं. एरवी उत्तर दिलं असतं.

मुलगी खिडकीबाहेर बघत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "दुखत न्हाय पप्पा. भरल्यासारखं वाटतंय. लई दिसांनी पोट भरलंय, म्हणून कळंना झालतं काय होतंय ते."

माझ्या डोळ्यांपुढं रस्ता हलायला लागला. मी गाडी आणखी हळू केली.

"मी लई भ्यालो गं," मी म्हणालो. "दुपारभर."

"मला रोजच असं वाटतंय." तिचा आवाज साधा होता, भाजी सांगावी तसा. "सकाळी डोळा उघडला की. न्हाणीत जाताना. जिना उतरताना. जेवायला बसलं की घास हातात घेऊन वाटतंय, ह्यानं काय झालं तर. तुम्हा सगळ्यांना वाटतंय फोडणीचा वास येतोय मला."

मी पुढचा स्पीड ब्रेकर बघून ब्रेक लावला.

"मागच्या वर्षी मी दवाखान्यातनं घरी आलतो, तवा तुम्ही पेपर वाचत बसलता. आई मनातल्या मनात आठवत हुती, मी काय खाल्लं, काय उचललं. तोंडावर कुणी इचारलं न्हाय. मला वाटायचं, कुणीतरी इचारावं तरी."

मला तो पेपर आठवला. त्यात काय होतं ते आठवत नाही, कारण वाचत नव्हतो. तोंडापुढं धरला होता.

राजारामपुरीतल्या त्या दवाखान्यात तिला आत घेतलं आणि दार लावलं. बाहेर बाकावर मी. समोरच्या भिंतीवर गुटगुटीत बाळांचे फोटो, सगळी हसणारी. मी फरशीकडं बघत बसलो. माझ्या बोटांना अजून मोहरीचा आणि मधाचा वास येत होता. हात धुवायला उठावं तर नेमकं तेव्हाच दार उघडेल असं वाटत होतं, म्हणून उठलो नाही. आतून कसलाही आवाज येत नव्हता. मागच्या वर्षीही याच बाकावर बसलो होतो आणि मागच्या वर्षीही आतून आवाज आला नव्हता.

दार उघडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या आचारी, आत या."

मुलगी पडून होती. पडदा अर्धा ओढलेला. बाईंनी हातातलं यंत्र तिच्या पोटावर थोडं सरकवलं. आधी खरखर झाली. मग एक आवाज आला, लांबच्या गुऱ्हाळाचं इंजिन चालू असावं तसा, जलद, धापा टाकल्यासारखा आणि न थांबणारा. मी तो ऐकत राहिलो. मध्ये यंत्र जरा हललं, आवाज गेला, आणि मी बाईंचा हात धरायला पुढं झालो होतो असं मुलगी नंतर सांगते. आवाज परत आला.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "उद्यापर्यंत आराम. कळा आल्या, काही गेलं, तर लगेच फोन. आणि हे सॅलड जे केलंत ते बाकी चांगलं आहे, खाऊ दे तिला. फक्त तुमची ती पिशवी घराबाहेर ठेवा."

'उद्यापर्यंत' हा शब्द मी घरापर्यंत उराशी धरून आणला. भीती गेली नव्हती. ती आता आम्हा दोघांत वाटली गेली होती, एवढाच फरक. पेठेत वळल्यावर मुलगी म्हणाली, "आईला मी सांगणार न्हाय."

मला हायसं वाटलं. अगदी घटकाभरच.

"तुम्ही सांगायचं," ती म्हणाली. "आजच. ह्या वेळी घरात लपवालपवी नको."

बायको आमच्या आधी घरी पोचली होती. दारात उभी, केसांपासून पायांपर्यंत गुलाबी, हातात प्रसादाची पुडी. "कुठं गेलतासा पोरीला घेऊन ह्या उन्हाचं?" म्हणत तिनं आधी मुलीच्या कपाळाला गुलाल लावला, मग माझ्या. मुलगी आत जाऊन खुर्चीवर टेकली. बायको स्वयंपाकघरात गेली आणि उरलेलं सॅलड बघितलं, अर्ध्याच्या वर संपलेलं.

"जेवली?" तिचा आवाज बदलला. "एवढं?"

"दोन बशा," मुलगी म्हणाली.

बायकोनं जोतिबाच्या दिशेला हात जोडले. तिचे डोळे भरून आले होते. मग तिनं चमचा घेतला. जोतिबाहून आल्यावर त्या दिवशी ती कोंबडी-मटण तोंडात घालत नाही, म्हणून तिनं एक तुकडा नुसता चमच्यानं दाबून बघितला. धागे आपोआप सुटले. तिनं दुसरा दाबला. तोही सुटला.

"गावठी कोंबडा," ती सावकाश म्हणाली, "आणि एवढा मऊ? काय लावलासा ह्याला?"

मुलगी खुर्चीवरून माझ्याकडं बघत होती. एक हात पोटावर, दुसऱ्यात डाळिंबाचे उरलेले दाणे. ती एकेक दाणा तोंडात टाकत होती आणि वाट बघत होती.

"आधी खाली बस," मी बायकोला म्हणालो. "आणि ती ओट्यावरची सुरी हिकडं दे."